काडतुसाचे गिऱ्हाईक

गाऱ्हाणे कुणापुढे घालायचे याची प्रत्येक मुलखाची एक रीत असते. आमच्या कोकणात ते देवळात घालतात. गावकार हात जोडून उभा राहतो, सगळ्या गावाचे दुखणे एका दमात देवाच्या कानावर घालतो, आणि मागची माणसे ‘होय महाराजा’ म्हणून त्यावर शिक्का मारतात. पुण्यात माणूस वर्तमानपत्राच्या संपादकाला पत्र लिहितो. मुंबईत एवढाही वेळ नसतो. तिथे लोकलमध्ये शेजारी उभा असेल त्यालाच सांगून मोकळे व्हायचे. आणि सर्वांना चालणारा राजमार्ग म्हणजे सरकारदरबारी अर्ज. पण वाण्याने किंवा कारखानदाराने आपल्या वतीने सरकारशी भांडावे, अशी लेखी विनंती करणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. साखरेचा तुटवडा पडला म्हणून आपल्यापैकी कुणी साखर कारखान्याला ‘सरकारला पोते देऊ नका’ असे कळवल्याचे तुम्ही ऐकले आहे काय? असा माणूस मला २०२४ च्या दिवाळीत भेटला, तोही थेट कॅलिफोर्नियात.

माझा भाचा सॅक्रॅमेंटोजवळ राहतो. दिवाळीला या, म्हणून त्याने हट्टच धरला, आणि मी गेलो. त्या भागात मैलोन् मैल भातशेती आहे. पीक काढल्यावर शेतकरी खाचरांत पाणी सोडतात. मग हिवाळ्यात उत्तरेकडून बदके आणि हंस अशा संख्येने उतरतात की आभाळ खाली आल्यासारखे दिसते. भाच्याच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, बोलणे थोडे, हसणे त्याहून थोडे. दर हिवाळ्यात पहाटे उठून, छातीपर्यंतचे रबरी बूट चढवून ते बदकांच्या शिकारीला जातात. भाच्याच्या आठ वर्षांच्या मुलीने त्यांचे नाव ‘बदकवाले आजोबा’ ठेवले आहे. सोललेली दोन बदके दर मोसमात कुंपणावरून भाच्याकडे येतात, आणि कुंपणावरूनच चकल्यांचा डबा पलीकडे जातो. सूनबाई शाकाहारी असल्यामुळे बदकांचे पुढे काय होते हे विचारायचे नसते.

फराळाचे ताट घेऊन मी आणि नात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते टेबलाशी बसून पत्र लिहीत होते. पत्र काडतुसे करणाऱ्या एका बड्या कंपनीला होते. म्हातारपणी माणसाला श्रोता मिळाला की तो सोडत नाही; हे मला स्वानुभवाने ठाऊक आहे. त्यांनी मला बसवले आणि सगळे प्रकरण समजावून सांगितले.

इथे वाचकांना थोडी पाठीमागची हकीकत सांगायला हवी. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल कुणी उडवले नाही? टिकल्यांची डबी संपली की तेच पिस्तूल कसे केविलवाणे दिसते, तेही आठवत असेल. खऱ्या काडतुसाची तऱ्हाही तीच. पितळेच्या नळकांड्याच्या बुडाशी एक इवलीशी टोपी असते. तीच त्याची टिकली. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते, आतली दारू पेटते आणि पुढची गोळी सुटते. शिकारीच्या काडतुसात एका गोळीऐवजी मूठभर छर्रे असतात, एवढाच फरक. तात्पर्य, बंदूक कपाटात पन्नास वर्षे राहते, पण काडतूस पुन्हा पुन्हा विकत घ्यावे लागते. ज्याला बंदुकीवर लगाम घालायचा आहे त्याची नजर आज ना उद्या काडतुसाकडे वळतेच. न्यूयॉर्कचे सिनेटर मॉयनिहन यांनी तर १९९३ मध्ये पिस्तुलाच्या काही जातींच्या काडतुसांवर १०,००० टक्के कर बसवा, असे सुचवले होते! तो कर काही बसला नाही.

कॅलिफोर्नियात मात्र २०१६ च्या नोव्हेंबरात हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवण्यात आला. आदल्या वर्षी सॅन बर्नार्डिनो येथे गोळीबारात १४ माणसे मेली होती. ती जखम ताजी होती. सुमारे ६३ टक्के मतदारांनी होकार दिला. २०१८ च्या आरंभापासून काडतुसे टपालाने घरपोच मागवणे बंद झाले. ती परवानाधारक दुकानातच, समोरासमोर घ्यायची. शेजारच्या राज्यातून स्वतः विकत आणायची नाहीत. १ जुलै २०१९ पासून तर प्रत्येक खरेदीला गिऱ्हाइकाचे पूर्वचरित्र तपासले जाऊ लागले. तपासणीचा आकार आरंभी एकच डॉलर होता; पण म्हातारबुवांचे दुखणे डॉलरचे नव्हतेच.

“साठ वर्षे बंदूक वापरली,” ते म्हणाले, “कुणाला ओरखडा आला नाही. पहिल्या वेळी दुकानातल्या यंत्राने मला नकार दिला. का? तर घर बदलले तेव्हाचा जुना पत्ता कुठल्याशा नोंदीत राहिला होता.”

असे नकार काही त्यांच्या एकट्याच्या वाट्याला आलेले नव्हते. २०२३ च्या पहिल्या सहामाहीत सुमारे ११ टक्के तपासण्यांत नकार मिळाला, आणि त्यांत खरोखर बंदी असलेली माणसे अगदी थोडी होती. बाकीच्यांची कागदपत्रेच जुळत नव्हती. कायद्याविरुद्ध दावा लावणारी किम रोड ही साधी बाई नव्हे. १९९६ ते २०१६ अशा लागोपाठ सहा ऑलिम्पिकमध्ये तिने नेमबाजीची पदके मिळवली. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकले तेव्हा आपण पेढे वाटले. त्या घरचा माणूस काडतुसाच्या दुकानातून परत पाठवला जातो असे समजा, म्हणजे तिकडच्या रागाची कल्पना येईल.

आता त्या पत्राकडे वळतो. म्हातारबुवांनी कंपनीला लिहिले होते, की मी आणि माझे वडील मिळून आम्ही ऐंशी वर्षे तुमचे गिऱ्हाईक आहोत. या राज्याचा कायदा आम्हाला संशयित मानतो आणि पोलिसांना त्यातून सूट देतो. तेव्हा जोवर आमच्यावर ही बंधने आहेत तोवर तुम्ही या राज्याच्या पोलिसांनाही काडतूस विकू नये.

मागणी वाटते तेवढी अजब नाही. रॉनी बॅरेट नावाच्या एका बंदूकवाल्याने असे करून दाखवले आहे. त्याच्या प्रचंड ताकदीच्या रायफलीवर बंदी घालावी म्हणून लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी तीच रायफल नगरसभेत दाखवली, तेव्हा २००२ मध्ये त्याने पोलिसांची दुरुस्तीला आलेली रायफल दुरुस्त करायला नकार दिला. आणि पुढे राज्याने कायदा केल्यावर तिथल्या सरकारी खात्यांशी व्यवहारच तोडला. कोलोरॅडोने २०१३ मध्ये पंधराहून अधिक गोळ्यांच्या पेट्यांवर बंदी आणली, तेव्हा त्या पेट्या करणाऱ्या मॅगपुल कंपनीने तिथून बिऱ्हाड हलवले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कायद्यानंतर काही छोट्या कंपन्यांनी तिथल्या सरकारी खात्यांना माल देणे थांबवले.

पण काडतुसांच्या मोठ्या कारखानदाराचे गणित निराळे असते. विंचेस्टरची काडतुसे इलिनॉय राज्यातल्या ईस्ट ऑल्टनच्या कारखान्यात वर्षानुवर्षे होत आली, आणि त्याच इलिनॉयमध्ये १९६८ पासून काडतूस घ्यायला सरकारी ओळखपत्र लागते. कारखाना चालूच राहिला. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ मध्ये देशभर बंद झाले. कारखानदारांनी पोलादाचे केले. कॅलिफोर्नियाने काँडर गिधाडांना विषबाधा होते म्हणून २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिसे बंद केले. कारखानदारांनी तांब्याच्या गोळ्या पुढे केल्या, आणि त्या शिशाहून महाग विकल्या. कायदा गिऱ्हाइकाला आडवा येतो. कारखानदाराला पुष्कळदा तो नवा माल खपवण्याची संधी देतो.

आणि हे गिऱ्हाईक काही प्रत्येक बंधनावर डोळे वटारणारे नव्हते. अमेरिकेत काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे. १९३७ च्या कायद्यानुसार त्याचे पैसे वन्यप्राण्यांच्या संवर्धनाला जातात. म्हातारबुवा हे अभिमानाने सांगत होते. ही दलदल आमच्या पैशांवर जगते, म्हणत होते. २०२४ च्या जुलैपासून कॅलिफोर्नियाने आणखी ११ टक्के कर बसवला, शाळांची सुरक्षितता आणि हिंसा रोखण्याची कामे यांसाठी. आकडा तोच, पण या कराचे नाव काढताच त्यांचा चेहरा लाल झाला. पहिला कर त्यांना आपल्या पंक्तीत बसवतो, दुसरा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो, असे त्यांना वाटत होते.

मला आमचे थोरले काका आठवले. शेतीसंरक्षणासाठी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. परवान्यावर काडतुसांचा आकडा लिहिलेला. दुकानदार दर खरेदीची नोंद त्यावर करी. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. त्या दिवसांत रानडुकरे काय मतदानाला जात असत थोडीच! काका चरफडत, पण आपला अपमान झाला असे त्यांना कधी वाटले नाही. हत्याराची मोजदाद व्हायचीच, हे त्यांनी आईच्या दुधाबरोबर घेतले होते. मी म्हातारबुवांना हे सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “तुमच्या काकांना ती सवलत म्हणून मिळाली. मला ती हक्क म्हणून मिळाली होती.” यावर चटकन उत्तर सुचण्यासारखे नव्हते.

उत्तर दिले ते नातीने, तिच्या नकळत. ताटातली करंजी उचलून ती सांगू लागली, की आमच्या शाळेत काल ‘गप्प बसायचा खेळ’ झाला. बाईंनी दिवे मालवले, दाराला कडी लावली, आणि सगळ्यांनी कोपऱ्यात फळ्याखाली चिकटून बसायचे. शिंकसुद्धा द्यायची नाही. “मी जिंकले,” ती म्हणाली. म्हातारबुवांनी पत्रावरचा हात उचलला आणि बराच वेळ ते तिच्याकडे पाहत राहिले.

घरी आल्यावर मी भाच्याला विचारले, “२०१६ मध्ये तू मत कुणीकडे दिलेस?”

“कायद्याच्या बाजूने, मामा,” तो म्हणाला. “नागरिक झाल्यावरचे माझे पहिलेच मत. पण शेजाऱ्यांना ते मी कधी सांगितले नाही. कशाला उगीच!”

त्याक्षणी मला त्या पत्राचा खरा करुण भाग दिसला. ६३ टक्के म्हणजे त्या गल्लीतल्या दर दहा मतदारांत सहा. ज्यांनी कायदा केला ती माणसे म्हातारबुवांच्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना राहत होती, त्यांच्या बदकांचे सूप पीत होती, आणि म्हातारबुवा मात्र कुठल्या दूरच्या राज्यातल्या कारखान्याला पत्र लिहून दाद मागत होते! कारखान्याने पुढे उत्तर पाठवले. आपल्या निष्ठेबद्दल आभारी आहोत, असे दोन ओळींचे पत्र, आणि कंपनीचे चिन्ह असलेली एक टोपी.

मी भाच्याला एवढेच म्हटले, की टोपीपेक्षा जास्त तू त्यांचा देणेकरी लागतोस. तो दोन दिवस घुटमळला. मग निमित्त मिळाले फटाक्यांचे. त्या राज्यात किरकोळ फटाके विकायची मुभा फक्त २८ जून ते ६ जुलै, तीही ठरावीक निर्धोक जातींची आणि ज्या गावांनी मान्यता दिली तिथेच. दिवाळीला फुलबाजीसुद्धा मिळत नाही म्हणून भाचा कुंपणाशी उभा राहून कुरकुरत होता. पलीकडून म्हातारबुवा हसले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिले. म्हणाले, “फटाके करणाऱ्या कंपनीला पत्र लिही.” त्या हसण्याच्या आधाराने भाच्याने आपल्या मताची गोष्ट सांगून टाकली.

दोघे तासभर बोलत उभे होते. जुळत नसलेल्या पत्त्यापायी भल्या माणसाला दारातून परत पाठवणे वाईट, हे भाच्याने कबूल केले. त्या अंधाऱ्या वर्गात पुढे काय होते, किती वेळ बसवतात, मुले रडतात का, हे म्हातारबुवांनी पुन्हा पुन्हा विचारले. मत कुणीही बदलले नाही. २०२५ च्या जुलैत अपील न्यायालयाच्या तिघांपैकी दोन न्यायाधीशांनी कायदा घटनाबाह्य ठरवला, आणि राज्याने पुनर्विचार मागितला, तेव्हाही दोघे दोन बाजूंनाच होते. भाच्यानेच मला फोनवर हे सांगितले. निकालाची बातमी त्याला प्रथम कळवली ती मात्र बदकवाल्या आजोबांनी, कुंपणाशी येऊन.