मोटार वर काढली की

आपल्या रावेर तालुक्यात केळीच्या बागेजवळून जाताना तुम्हाला कूपनलिकेचे तोंड दिसते. त्यातून वर आलेला पाइप आणि केबल दिसते. मोटार मात्र दिसत नाही. ती खोल पाण्यात बुडालेली असते. सातपुड्याच्या पायथ्याशी पाण्याची पातळी वर्षानुवर्षे खाली गेली, तशी मोटारही खाली गेली.

आमच्या मोहल्ल्यात मोटारी दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. मी त्यांना चाचा म्हणतो. गणिताच्या तासाला उपयोगी पडतील अशी पुष्कळ उदाहरणे मला त्यांच्या दुकानात मिळाली. त्यांतले एक पाहा.

मोटार आणि पंप मिळून बुश, सील, बेअरिंग, इंपेलर, वायंडिंग असे कितीतरी भाग असतात. प्रत्येकाचे आयुष्य वेगळे. पुष्कळदा भाग स्वस्त असतो, पण मोटार वर काढणे महाग पडते. माणसे बोलवायची, एकेक पाइप खोलायचा, पुन्हा सगळे जोडून खाली सोडायचे. समजा, या कामाला ४००० रुपये लागतात. बुश ६०० रुपयांचा आणि सील ४०० रुपयांचे आहे. बुश झिजला म्हणून मोटार काढली. सील अर्धे झिजले होते, पण चालत होते, म्हणून तसेच ठेवले. पुढे तेही गेले. आता बेरीज करा : ४६०० आणि ४४००, एकूण ९००० रुपये. दोन्ही भाग एकदम बदलले असते तर ५००० रुपयांत काम झाले असते. सीलचे अर्धे आयुष्य, म्हणजे २०० रुपये, वाया गेले असते, एवढेच.

मग सगळेच भाग ठरावीक मुदतीने बदलावेत का? चाचा नाही म्हणतात. वायंडिंग बहुधा वय झाले म्हणून जळत नाही. विजेचा एक फेज गेला किंवा मोटार कोरडी चालली की नवे वायंडिंगही जळते. मग चांगले वायंडिंग काढून फेकणे हा शुद्ध मूर्खपणा! ते वरूनच, केबलच्या टोकाला मेगर लावून तपासता येते. स्टार्टर तर जमिनीवरच असतो. त्याचे पॉइंट साफ करायला खर्च तो किती?

अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्स या विमान कंपनीच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ साली आपल्या अहवालात असेच काहीसे मांडले. त्यांनी अभ्यासलेल्या विमानाच्या भागांपैकी ८९ टक्के भागांना वयाची मर्यादा ठरवून बदलण्याचा फायदा नव्हता. आपल्या शेजारी भुसावळला रेल्वेच्या विजेच्या इंजिनांची मोठी दुरुस्ती मात्र ठरावीक मुदतीने होते. झिजणाऱ्या भागांसाठी मुदत हवीच.

वेळही पाहावी लागते. मे महिन्यात ऊन ४५ अंशांच्या आसपास जाते. तेव्हा मोटार बंद पडली तर केळीचे घड पोसत नाहीत. पावसाळ्यात पाण्याची गरज कमी असते, पण काळ्या चिखलात गाडी शिरत नाही. म्हणून चाचा जानेवारी-फेब्रुवारीत शेतकऱ्यांना निरोप पाठवतात. त्यांच्या वहीत प्रत्येक मोटारीसाठी एक पान आहे : कधी काढली, काय बदलले, किती अँपिअर घेत होती. मजकूर उर्दूत आहे. पण तारखा आणि रुपये ते मराठी अंकांत लिहितात, म्हणजे शेतकऱ्यालाही आपले पान वाचता येते.