‘बघू’ म्हणू नकोस

चि. बाळास,


परवा फोनवर तू म्हणालास, “आत्या, मी कुणाची रजा अडवत नाही, माणसंच घेत नाहीत.” भोसरीच्या तुझ्या शेडमध्ये चाळीस माणसं, आणि डिसेंबर आला तरी निम्म्यांची रजा तशीच शिल्लक. तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

मी सव्वीस वर्षं टाइम ऑफिसात काढली. रजा सरळ नामंजूर झालेली फार थोड्या वेळा पाहिली. ती बुडायची ‘बघू’ या शब्दानं. ग्राइंडिंगवर एक जण होता, कराडकडचा. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यानं चार दिवस मागितले. सुपरवायझर म्हणाले, “बघू, एवढा माल जाऊ दे.” पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘बघू’. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच नाही, रात्रीची एसटी धरली. मस्टरवर लाल शाईत चार दिवस गैरहजेरी लागली आणि ताकीदपत्र मी टाइप केलं. त्यानं मुकाट्यानं सही केली, पेनाला टोपण लावलं, टेबलावर ठेवलं आणि गेला. त्याच्या कार्डावर एकोणीस दिवस शिल्लक होते. ते कार्ड मीच भरायची. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

आमचं ऑफिस १९४८ च्या कारखाना कायद्यावर चालायचं. वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक पगारी रजा. न घेतलेली ३० दिवसांपर्यंतच पुढे ओढता यायची. पण रीतसर अर्ज करूनही नाकारली, तर ती कितीही साठली तरी बुडत नसे. तोंडी मागणाऱ्याच्या हाती मात्र काहीच राहत नाही, कारण ‘बघू’ कागदावर येत नाही. रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून मागितली, तेव्हा गिरणी कामगारांना ती १८९० मध्ये मिळाली. मागायचं ओझं कायम कामगारावरच. तुझ्याकडे तरी ते नको.

पंचिंग मशीनशेजारी रजेच्या अर्जांचं पॅड टांग. अर्ज आला की दोन दिवसांत तुझ्या सहीनं हो किंवा नाही; नाही म्हणालास तर कारण आणि दुसरी तारीख तिथंच लिही. पेरणीला कोण जाणार, जत्रेला कोण, हे जानेवारीतच विचारून घे. आणि रजेवरच्या माणसाला सेटिंग विचारायला फोन करायचा नाही. त्यासाठी प्रत्येक प्रेसवर दुसरा माणूस आधी तयार करावा लागेल. त्यात वेळ जाईल, पैसाही जाईल, ते मला कळतं. तरी कर. काही जण विकून पैसे होतील म्हणून रजा साठवतात. त्यांना बोल लावू नकोस, पण वर्षातून सलग आठवडाभर घरी पाठवच.

वहिनी सांगत होती, ताप अंगावर काढून तू शेडवर गेलास. मालक तापात येऊन बसतो तिथं अर्ज द्यायला कोण धजेल?

पॅड छापून आलं की पहिल्या पानावर तुझं नाव लिही, शिमग्याच्या पाच दिवसांसाठी. पालखी आपल्या अंगणात येते तेव्हा तू तिथं हवास. मी आठ दिवस आधी जाऊन अंगण सारवून ठेवते.

तुझी,
आत्या