अर्ध्या मिलिमीटरचे अंतर

आमच्या घरी १९७७ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आम्ही म्हणजे दोघे पतिपत्नी. दोघेही मराठीचे अध्यापक, दोघांचीही चाळिशी उलटलेली, आणि यंत्रविद्येशी दोघांचाही दूरान्वयानेही संबंध नाही. गाडी खरे तर आमची नव्हेच. ती बाबांची. बाबा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर असताना १९८४ साली त्यांनी ती जुनी म्हणून विकत घेतली आणि तेव्हापासून ती साताऱ्यात आमच्या घराच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. बाबांचे वय आज एक्क्याऐंशी आहे.

पद्मिनीचा इतिहास वाचकांना ठाऊक असेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली आणि पुढे सत्तरच्या दशकात तिचेच नाव पद्मिनी झाले. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग बाकासारखी बैठक. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे रूप मनात आणले की झाले. ती टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. आमची मात्र, नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून, अजून चालते.

‘चालते’ या क्रियापदामागे किती खटाटोप असतो हे आम्हाला फार उशिरा कळले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडावी लागते आणि ती नेमक्या क्षणी पडावी लागते. बॅटरीच्या बारा व्होल्टची ठिणगी कामाची नसते. म्हणून कॉइल नावाचे एक वेटोळे असते. त्यातून प्रवाह वाहत असताना तो एकाएकी तोडला की क्षणभर पंधरावीस हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो, आणि तो प्लगपर्यंत पोचून ठिणगी उडते. प्रवाह तोडण्याचे हे काम ज्या दोन चिमुकल्या धातूच्या टिकल्या करतात त्यांना पॉइंट म्हणतात. डिस्ट्रिब्युटरच्या आत एक चौकोनी दांडा फिरतो, त्याचा प्रत्येक कोपरा एका टिकलीला ढकलतो, टिकल्या विलग होतात, ठिणगी पडते. चार सिलिंडरच्या इंजिनाला दर दोन फेऱ्यांत चार ठिणग्या लागतात. म्हणजे मिनिटाला तीन हजार फेऱ्या होत असतील तर सहा हजार ठिणग्या, सेकंदाला शंभर. आणि दोन टिकल्यांमध्ये पडणारे अंतर केवढे? अर्ध्या मिलिमीटरहूनही किंचित कमी.

आमचे मेस्त्री डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणतात. भाषेच्या अध्यापकांना असा शब्द सापडला की ते त्याच्या मागे लागणारच. ही व्यवस्था रूढ करणाऱ्या अमेरिकन चार्ल्स केटरिंगच्या, १९०९ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या नावाची ती आद्याक्षरे निघाली. १९१०च्या कॅडिलॅक गाडीत त्याची रचना प्रथम बसली. ओहायोतल्या डेटन गावाचे आद्याक्षर साताऱ्यातल्या मेस्त्रीच्या तोंडी इतके मुरावे की त्याला ते मराठीच वाटावे, याचे आम्हाला कोण कौतुक! पण कौतुक करणे निराळे आणि त्या डेल्कोत हात घालणे निराळे. तो हात चाळीस वर्षे एकट्या बाबांचा होता.

दर चारपाच हजार किलोमीटरला ते शेडमध्ये स्टूल टाकून बसत. कॅप काढत, टिकल्यांवरचे खड्डे बारीक पॉलिश पेपरने घासत, मग फिलर गेजचे पान मध्ये सरकवून स्क्रू आवळत. पान ना घट्ट जावे ना सैल. लोण्यातून सुरी ओढल्यासारखे निघावे, असे ते म्हणत. आम्ही त्या वेळी पेपर तपासत असू.

ती जुलैतली रात्र आम्हाला विसरता येत नाही. आईंच्या छातीत दुखू लागले तेव्हा दीड वाजला होता. बाहेर मुसळधार पाऊस. बाबा शेडमध्ये गेले, आम्ही आईंना धरून मागच्या बैठकीवर बसवले. स्टार्टर फिरला, फिरत राहिला, हळूहळू मंदावला. गाडी सुरू झाली नाही. आम्ही धक्का मारला, तरी नाही. शेवटी शेजाऱ्यांची गाडी मागून आईंना रुग्णालयात नेले. त्या वाचल्या, आज बऱ्या आहेत. उशीर झाला तो पंचवीस मिनिटांचा. पण बाबा आमच्याबरोबर आले नाहीत. पहाटे आमच्यापैकी एक घरी परतला तेव्हा ते बॉनेट उघडून, हातात बॅटरी घेऊन तसेच उभे होते.

सकाळी मेस्त्रींनी पाहिले. पॉइंटमधले अंतर जवळजवळ उरलेच नव्हते. दांड्याला घासणारी टाच झिजत जाते, तसतसे अंतर कमी होते, ठिणगी मागे पडते आणि टिकल्या जळू लागतात. त्यात कॅपमध्ये ओल शिरलेली. “एप्रिलात केले नाही का, साहेब?” मेस्त्रींनी विचारले. बाबा काही बोलले नाहीत. दुपारी जेवताना, ताटाकडे पाहत, ते एवढेच म्हणाले, “एप्रिलात बसलो होतो. पान आत जाईना. हात थांबत नाही आता. वाटले, अजून दोन महिने जाईल.”

आम्ही गप्प झालो. त्यांचा हात थरथरतो हे आम्ही चहाच्या कपबशीच्या आवाजावरून रोज ऐकत होतो. त्या थरथरीचा आणि त्या अर्ध्या मिलिमीटरचा संबंध आमच्या ध्यानात आला नव्हता, एवढेच. चाळीस वर्षे जे काम त्यांनी कुणाला करू दिले नाही, ते आता होत नाही असे सांगायला त्यांना कुणी जागाच ठेवली नव्हती. आणि ती जागा न ठेवणारे, पेपर तपासत बसलेले, आम्हीच होतो.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा पर्याय मेस्त्रींनी सुचवला. त्यात टिकल्या नसतातच. दांड्यावर चुंबकांची एक लहान कडी बसते, शेजारी काडेपेटीहून लहान असे एक मोड्यूल. चुंबक समोरून गेला की मोड्यूलला ते जाणवते आणि ते कॉइलचा प्रवाह तोडते. काहीच काहीला घासत नाही, म्हणून काहीच झिजत नाही. एडविन हॉल या भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ साली शोधलेला परिणाम यात वापरलेला असतो. क्रायस्लर कंपनीने १९७३पासून आपल्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे आमची पद्मिनी कुर्ल्याहून निघाली तेव्हाच, जगाच्या दृष्टीने, तिचे पॉइंट जुने झाले होते.

बाबांनी विरोध केला. आम्हाला वाटले तो आठवणींपोटी असेल, आणि आम्ही समजूत घालण्याच्या सुरात बोलू लागलो. तो सूर त्यांनी तत्काळ ओळखला. “मला आठवणी सांगू नका,” ते म्हणाले, “पॉइंट बिघडतो तो सांगून बिघडतो. आधी गाडी चढावर दमते, मग अडखळते, मग बंद पडते. आणि बंद पडली तरी रस्त्याच्या कडेला नख घासायच्या कानशीने सुरू होते. ती डबी बिघडली तर काय कराल? पसरणीच्या घाटात कुणाला फोन कराल?”

हा मुद्दा खोडण्याजोगा नव्हता. मेस्त्रींनीही तो मान्य केला, आणि आणखी भर घातली: मोड्यूलच्या तारा उलट्या जोडल्या तर ते जळते, इंजिन बंद असताना किल्ली चालू राहिली तरी काही मोड्यूल जळतात, कॉइलचा रोध त्याला मानवणारा आहे की नाही तेही आधी मोजावे लागते. शिवाय कॅप, रोटर आणि प्लगच्या वायरी त्याच राहतात. त्यांत ओल शिरली तर इलेक्ट्रॉनिक असो की आणखी काही, गाडी रुसणारच. तेव्हा त्याही नव्या घ्याव्या लागतील.

आम्हाला स्वतःला दुसरीच शंका छळत होती. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देणारे नियम २०२१ साली आले. त्यांत गाडी मूळ स्वरूपात असावी, अशी अट आहे. मूळ म्हणजे काय? हा तर आमच्या रोजच्या धंद्यातला प्रश्न. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. आणि शुद्ध केलेला पाठ मूळ म्हणावा का, यावर विद्यार्थ्यांना निबंधही लिहायला लावतो. पण शेडमध्ये उभे राहिल्यावर प्रश्न सोपा झाला. या गाडीचे पॉइंट आजवर कितीदा बदलले याची गणती नाही. बदलत राहणे हाच ज्या भागाचा धर्म, त्याच्या मूळपणाचा आग्रह कसला धरायचा? मूळ काही असेलच तर तो चौकोनी दांडा, ती वजने, तो पितळी बुश. त्यांना हात लागणार नव्हता. नवे मोड्यूल जुन्याच स्क्रूच्या भोकात बसत होते. कुठे नवे छिद्र पाडायचे नव्हते. मनात आले तर तासाभरात पूर्ववत. चांगला संपादक नाकारलेला पाठ फेकून देत नाही, तळटीपेत ठेवतो. आमची तळटीप डॅशबोर्डच्या कप्प्यात राहणार होती.

आम्ही हे सगळे बाबांना, उपमा गाळून, सांगितले. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “लावा. पण आधी तुम्ही दोघांनी पॉइंट लावायला शिका. मगच.”

पुढचे चार रविवार आम्ही शिकलो. मेस्त्रींनी एक जुना डेल्को आणून दिला होता. तो जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडला जाई. बाबा शेजारी हात मांडीवर ठेवून बसत आणि नुसते बोलत. दांड्याचा कोपरा टाचेच्या नेमका माथ्यावर आण, मगच मोज. स्क्रू आवळताना पट्टी सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोज. पानाला तेल असेल तर पुसून घे. टिकलीला तेल लागले की जळते. वीसबावीस वर्षे वर्गात शिकवलेल्या आम्हा दोघांना, चुकल्यावर न रागावता ‘पुन्हा’ म्हणणारा शिक्षक किती दिवसांनी भेटला! आमच्यापैकी जिचे अक्षर सुंदर आहे तिला ते आधी जमले. ज्याचे ते वडील, त्याला चौथ्या रविवारी.

मोड्यूल बसवण्याच्या दिवशी बाबांनी एक मागणी केली: काढण्यापूर्वी जुने पॉइंट दिव्याखाली पाहायचे. टायमिंग तपासण्याचा दिवा प्रत्येक ठिणगीबरोबर लखलखतो, त्यामुळे फिरत्या पुलीवरची पांढरी खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. शेडचे दार लोटून अंधार केला. खूण दिसली, पण थांबेना. इकडून तिकडे थरथरत होती. दांड्याचा बुश झिजलेला, त्यामुळे तो जरा डुलतो आणि प्रत्येक ठिणगी कधी किंचित आधी, कधी किंचित नंतर, असे मेस्त्रींनी सांगितले. मग त्यांनी पॉइंट आणि कंडेन्सर काढले, वजनांना तेल दिले, कडी बसवली, मोड्यूल आवळले, लाल तार कॉइलच्या धनाला आणि काळी ऋणाला. नवी कॅप, नवा रोटर, नव्या वायरी. किल्ली फिरवली. पहिल्याच फेरीला इंजिन धरले.

पुन्हा दिवा लावला. चुंबक दांड्याच्या डुलण्याला तितकेसे मनावर घेत नाहीत. पांढरी खूण पुलीवर कोरल्यासारखी थांबली. बाबा वाकले. फिलर गेजचे पान ज्या डोळ्यांना दिसत नव्हते त्यांना ती रेघ दिसली.

“स्थिर आहे,” ते म्हणाले, आणि बराच वेळ वाकूनच पाहत राहिले.

या गोष्टीला आता दोन पावसाळे उलटले. गाडी एकदाही रुसलेली नाही. किल्ली चालू ठेवून उतरायचे नाही, हा नवा नियम आईंनी आम्हा सर्वांवर लादला आहे. पसरणीच्या घाटात मोड्यूल अजून तरी मेलेले नाही. आणि गंमत अशी की, ते मेलेले नसल्यामुळेच आमची विद्या गंजू लागली. वर्षभरात एकदाही हाताला स्क्रू लागला नाही. ज्या वस्तूची गरज पडत नाही तिचे ज्ञान किती वेगाने विरते, हे आम्ही जुन्या शब्दांच्या बाबतीत पाहिले होते; बोटांच्या बाबतीत प्रथमच पाहिले.

म्हणून खंडेनवमीला आम्ही एक प्रघात पाडला आहे. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, तेव्हा डॅशबोर्डच्या कप्प्यातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा बाहेर येतो. त्यात पॉइंटचा जोड, कंडेन्सर, एक लहान स्क्रूड्रायव्हर आणि जाड कागदाची एक पिवळी पडलेली पट्टी आहे. फिलर गेज हाताशी नसले तर वापरायची म्हणून बाबांनी कधीतरी पानाशी ताडून, निवडून ठेवलेली. पहिल्या वर्षी ती उलटून पाहिली तेव्हा कळले की ती आमच्याच लग्नपत्रिकेची कड आहे. हळदकुंकू वाहून झाले की जुना डेल्को टेबलावर येतो आणि आम्ही दोघे आळीपाळीने पॉइंट लावतो. बाबा शेजारी बसतात. पान ओढून पाहायला सांगतात आणि विचारतात, “लोणी?”

गेल्या खंडेनवमीला आम्हाला तिसऱ्या खेपेला होकार देता आला.