उडणार की नाही?

नाशिक फाटा सोडला आणि कंपनीच्या बसमध्ये वाद पेटला. विमानाच्याच वेगाने धावपट्टी उलटी सरकली, तर विमान उडेल?

‘शक्यच नाही!’ मी ठासून म्हणालो. आम्ही चाकणचे गाड्यावाले. टेस्टिंगच्या रोलरवर चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी, हे रोजचंच.

मागचा ट्रेनी हळूच म्हणाला, ‘सर, विमानाला चाकं नाही ढकलत. इंजिन हवा मागे लोटतं. चाकं नुसती दुप्पट वेगाने फिरतील.’ सगळे हसले. मीही.

रात्री नेटवर पाहिलं. २००८ साली ‘मिथबस्टर्स’वाल्यांनी ताडपत्रीवर छोटं विमान ठेवून ती गाडीने उलटी ओढली होती. विमान मस्त उडालं!

सकाळी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो, ‘चुकलो रे.’

‘जाऊ द्या सर. चहा तुमच्याकडून!’