कामाची जागा

‘कामाच्या ठिकाणची सुरक्षितता’ हे शब्द उच्चारले की डोक्यावर शिरस्त्राण आणि पायांत जाड बूट घातलेला कारखान्यातील कामगार डोळ्यांसमोर उभा राहतो. आमच्या हिंगोली जिल्ह्यात असा कामगार क्वचितच दृष्टीस पडतो. येथील कामकरी म्हणजे भल्या पहाटे भाकरी फडक्यात बांधून, हाती खुरपे घेऊन, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने बसणारी बाई. तिच्या डोक्यावर पदर असतो आणि पायांत झिजलेली चप्पल. तिला कोणी कामगार म्हणत नाही.

४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी वसमत तालुक्यातील गुंज गावच्या अशाच काही स्त्रिया शेतकामास निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातील आलेगावच्या शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसह पाण्याने भरलेल्या विहिरीत कोसळला. सात जणी गेल्या. शासनाचे साहाय्य जाहीर झाले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली आणि हंगाम पुढे चालू राहिला. तो थांबणार तरी कसा? हळद काढणे, शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे ही कामे एकामागून एक दाराशी उभीच असतात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले, याचा आम्हांसही अभिमान आहे. परंतु ती जमिनीतून वेचणारे हात कोणत्याही मानांकनात येत नाहीत.

कायदे नाहीत असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्राभोवती कठडा मागितला. तो शेताच्या बांधापाशी थांबला. १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला, तो प्रामुख्याने मळणीयंत्रासाठी. ट्रॉली ही मालासाठी आहे, माणसांसाठी नव्हे, हेही नियमांत आहेच. शेतकऱ्यांसाठी २०२३ साली गोपीनाथ मुंडे यांच्या नावे अपघात सानुग्रह अनुदान योजना आली, मृत्यूस दोन लाख रुपये. मात्र ती खातेदारासाठी आणि त्याच्या घरातील एका व्यक्तीसाठी. जिच्या घरी सातबाराच नाही, तिच्या लेकरांनी कोणत्या खिडकीशी उभे राहावे?

सेमिनरीत जुना करार शिकताना निर्गम ग्रंथातील एका नियमाशी आम्ही फारसे रेंगाळत नसू. खड्डा उघडा ठेवला आणि त्यात बैल अथवा गाढव पडले, तर खड्ड्याच्या धन्याने भरपाई द्यावी, असा तो नियम. तेव्हा तो गुराढोरांचा रुक्ष हिशेब वाटे. गुंजची वार्ता ऐकल्यानंतर तो आम्ही पुन्हा काढून वाचला.

पुढे पावसाळ्याच्या तोंडाशी मजूर स्त्रियांना एका सायंकाळी ओट्यावर जमवले. कृषिशिक्षण घेतलेल्या एका तरुणाने कीटकनाशकाच्या डब्यावरील रंगीत त्रिकोण दाखवला. तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरव्याचा अर्थ विचारताच एकीने चटकन उत्तर दिले, “बिनधोक!” रस्त्यावरचा हिरवा दिवा तिने डब्यावर लावला होता. हिरवा म्हणजे तुलनेने सौम्य, पण विषच, हे समजावण्यात बराच वेळ गेला. तो व्यर्थ नव्हता. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे दगावली, हे येथे कोणी विसरलेले नाही.

मग ट्रॉलीचा विषय निघाला. मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, “फादर, ट्रॉलीत बसू नका म्हणता. मग दोन कोस चालत जावं का? अन् नाही बसलं तर उद्या बोलवतंय कोण आम्हाला?”

तरुण आमच्याकडे पाहू लागला. नकार देण्याची सोय जिला नाही, तिला सावध राहा असे सांगणे म्हणजे छत्री नसलेल्याला भिजू नकोस म्हणण्यासारखे आहे. शिकवणी द्यावयाची ती आधी ट्रॅक्टरच्या धन्यांना, असे आमचे स्पष्ट मत झाले.

आठवड्याने धन्यांना बोलावले. पोरसवद्या चालकाच्या हाती ट्रॅक्टर देऊ नये, हे सर्वांस पटले. रस्ता सोडून शिवारात शिरण्यापूर्वी बायांना खाली उतरवावे व पुढे त्यांनी पायी यावे, यावर मात्र अडले. त्यात दहा-पंधरा मिनिटे जातात. काम गुत्त्याचे असेल तर हा वेळ बायांच्या मजुरीतून जावा की धन्याच्या पदरचा, यावर रात्री दहापर्यंत खल चालला. तिघांनी तो आपल्या पदरचा मानला. बाकीचे “पाहू, फादर” म्हणून उठले.