द्राक्षांच्या हंगामात नाशिक

नाशिकची वाइनरी पाहावयास, वाचकहो, आपण केव्हा निघाल? जयपूरच्या सोडाला भागात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींचे उत्तर ठरलेले होते : मुलांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की! मे महिन्यात गंगापूरच्या बाजूस पोहोचलो, तो वेलींवर एकही घड नाही. एप्रिलमध्ये येथे खरडछाटणी होते, फळासाठीची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. युरोपात द्राक्षे शरदात उतरवितात. इकडे मात्र जानेवारी ते मार्च हा खुडणीचा काळ.

म्हणून पुढल्या खेपेस प्रजासत्ताकदिनाला दोन दिवसांची रजा जोडली. सकाळच्या गारव्यात निघावे आणि एकच ठिकाण निवडावे. १९९९ साली सुलाची स्थापना झाली. मागोमाग या परिसरात इतरही वाइनरी उभ्या राहिल्या. एका दिवसात चार पाहण्याचा हव्यास धरला, की एकही पाहून होत नाही.

काळी द्राक्षे चिरडली, तरी रस बहुधा फिकाच निघतो. तांबडा रंग सालीचा; साल रसाबरोबर आंबू दिली, तरच तो उतरतो. आमची धाकटी हे ऐकून थक्क झाली. तिने द्राक्षे खाल्ली, वडीलधाऱ्यांनी घोटभर चव घेतली. ज्याच्या हाती मोटार, त्याने मात्र पेल्याला स्पर्श केला नाही.

दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूस सावली पाहून शिदोरी सोडावी. त्या दिवसांत आभाळ भरून आले, तर बागायतदाराला फार प्रश्न विचारू नका. त्याचे सारे लक्ष ढगांकडे असते.