एक रक्षक, किती तारे?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, मुलं सुपरहिरोंबद्दल बोलू लागली की 'ते सगळं खोटं असतं' म्हणून विषय संपवू नका. ग्रीन लँटर्नच्या कॉमिक्समध्ये विश्वाचे ३६०० विभाग पाडलेत. मूळ कल्पनेत प्रत्येक विभागाला एकच रक्षक. आपली पृथ्वी विभाग २८१४ मध्ये येते. मुलांना विचारा, एकट्याला एवढी राखण जमेल का?

अख्खं विश्व राहू द्या, फक्त आपली आकाशगंगा घ्या. तिच्यात निदान १०,००० कोटी तारे आहेत. भागिले ३६००, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सुमारे पावणेतीन कोटी! प्रत्येक ताऱ्याकडे एकच सेकंद पाहिलं, तरी न झोपता साडेदहा महिने लागतील.

हिरो खोटा असेल, पण भागाकार खरा आहे. तो मुलांनी स्वतः केला, की खरं-खोटं आपल्याला सांगावं लागत नाही. ती स्वतःच पडताळायला शिकतात.